सरकारने मंदीत जादा खर्च केला की महागाई वाढतेच का?

वाढतेच असं नाही. माणसं आणि मशीन रिकामी असतील तर जादा सरकारी पैशाने आधी काम वाढतं, भाव नंतर. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतला एखादा छोटा कारखाना घ्या. मंदीत एकच पाळी चालू असताना ऑर्डर आली, तर मालक दुसरी पाळी लावतो, दर तोच ठेवतो. तिन्ही पाळ्या भरलेल्या असतील तर मात्र तो दर वाढवूनच ऑर्डर घेतो. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळे ठेकेदार एकाच वेळी गवंडी अन् सेंट्रिंगवाले शोधायला लागले की मजुरी का चढते, त्याचंही कारण हेच.

अमेरिकेचा दाखला बोलका आहे. २००९ मध्ये बेकारी प्रचंड असताना सुमारे ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं, महागाई भडकली नाही. २०२१ मध्ये १.९ लाख कोटी डॉलर ओतले, तेव्हा कोविडमुळे मालाचा पुरवठाच अडकलेला होता. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. अर्थात सगळं खापर पॅकेजवर फोडू नका, युक्रेन युद्धाने तेलही महागलं होतं.

एक लक्षात ठेवा: आपल्याकडे महागाईच्या आकड्यात खाण्यापिण्याचा वाटा मोठा. अवकाळीने साठवणीच्या चाळीतला कांदा सडला आणि लासलगावात भाव चढला, तर त्यात सरकारी खर्चाचा काही दोष नाही.