पाळी बदलताना उडणारे खटके

प्रश्न : मी शस्त्रक्रिया विभागाच्या वॉर्डची प्रभारी परिचारिका आहे. रुग्णांची सूत्रे सोपवताना रात्रपाळी आणि सकाळपाळीच्या परिचारिकांमध्ये रोज वाद होतात. नुकतेच एका कनिष्ठ परिचारिकेला औषधाच्या मात्रेविषयी शंका आली होती, परंतु निवासी डॉक्टर सर्वांदेखत ओरडतील या धास्तीने ती बराच वेळ गप्प राहिली. सुदैवाने रुग्णाला अपाय झाला नाही. व्यवस्थापनाने भावनिक बुद्धिमत्तेची कार्यशाळा घेतली, तरी फरक पडला नाही. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांतले दुसरे मला अधिक गंभीर वाटते.

आधी वादांविषयी. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तेव्हा स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या जाणिवेचा विचारात व कृतीत उपयोग करणे, असा तिचा अर्थ होता. कार्यशाळांमध्ये मात्र तिचे बहुधा ‘राग आवरा, गोड बोला’ एवढेच उरते. रात्रभर जागलेली परिचारिका चिडते, तेव्हा तिच्या चिडण्यामागे अपुरे मनुष्यबळ आहे की अर्धवट राहिलेली कामे आपल्या माथी मारली जाण्याची भीती, हे आपण शोधायला हवे. सूत्रे सोपवण्याची पद्धत ठरलेली नसेल, तर प्रत्येक सुटलेली बाब व्यक्तीच्या नावावर जमा होते. सद्यःस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि अपेक्षित कृती असा चार टप्प्यांचा क्रम अनेक रुग्णालयांत वापरला जातो. त्याचे मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे. तो रुग्णाच्या खाटेजवळच पाळावा.

आता त्या गप्प राहण्याविषयी. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांना १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयांच्या अभ्यासात असे आढळले, की चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक होती. तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर त्या बोलून दाखवण्याची भीती कमी होती म्हणून, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. आपल्या वॉर्डात चुकांची नोंद जवळजवळ होतच नसेल, तर त्याने निश्चिंत होऊ नये.

निवासी डॉक्टरांशी एकांतात, शक्यतो त्याच दिवशी बोलावे. ‘तुमचा स्वभाव तापट आहे’ असे म्हटल्यास ते बचावाचा पवित्रा घेतील. ‘तुम्ही ओरडाल या भीतीने मात्रेची शंका विचारली गेली नाही’ हे मात्र त्यांना नाकारता येणार नाही. (तेही सलग ड्यूटीने थकलेले असतील, हे समजून घ्यावे, पण सबब म्हणून मान्य करू नये.) प्रकार पुन्हा घडल्यास विभागप्रमुखांकडे लेखी कळवावे.

त्या कनिष्ठ परिचारिकेशी मात्र याआधी बोलावे. ‘उशीर का केलास?’ असे न विचारता ‘विचारताना काय आड आले?’ असे विचारावे, आणि ती पहिल्या भेटीत मोकळेपणाने बोलली नाही, तर दोन दिवसांनी पुन्हा तिच्याकडे जावे.