दातांच्या मशीनचं नंतर बघू, ती पॉलिसी आधी परत करा

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 29, पगार हातात 52 हजार, अकरा महिन्यांनी लग्न. दात सरळ करायला क्लिअर अलाइनर (पारदर्शक ट्रे) सुरू आहेत, 1 लाख 60 हजारांचं पॅकेज ईएमआयवर. आता क्लिनिकवाले म्हणतायत की 30 हजारांचं व्हायब्रेशन मशीन घ्या, रोज वीस मिनिटं दातात धरा, ट्रे दहाऐवजी पाच दिवसांनी बदलता येईल आणि लग्नाआधी सगळं आटपेल. प्रश्न एवढाच की मशीन क्रेडिट कार्डावर घ्यावं की एफडी मोडून.

मशीनचं लगेच सांगतो, कशानेच घेऊ नका. मी डेंटिस्ट नाही, पण 30 हजार मागितले की पुरावा विचारायचा ही माझी सवय आहे. 2018 मध्ये अलाइनरच्याच पेशंटवर ट्रायल झाली, अर्ध्यांना खरं मशीन, अर्ध्यांना डमी, आणि फरक काही दिसला नाही. ट्रे दिवसातून 20-22 तास तोंडात ठेवणं आणि तो नीट बसावा म्हणून रबरी च्युई चावणं, हे जवळपास फुकटात होतं. दातांवर चिकटवायचे छोटे उंचवटे (अटॅचमेंट), जागा करायला दोन दातांमधलं थोडं घासणं, रबर बँड (इलॅस्टिक) हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तर गरजेचं असतं, फक्त ते आणि शेवटी राहिलेलं सुधारायचे रिफाइनमेंट ट्रे, नंतर दात जागेवर ठेवणारे रिटेनर पॅकेजमध्ये धरलेत का हे लेखी घ्या. आणि लग्नाच्या फोटोपुरते ट्रे काढून ठेवता येतात हो.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. पत्रात एका ओळीत लिहिलंय की "कार्डावर 1 लाख 40 हजार आहेत पण मिनिमम ड्यू नेमाने भरते, आणि त्यातले 60 हजार बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने तीन आठवड्यांपूर्वी दिलेल्या गॅरंटीड प्लॅनचे, लग्नानंतर उपयोगी पडेल म्हणाले." हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. महिना साडेतीन टक्के धरले तर 1 लाख 40 हजारांवर व्याज 4,900, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 5,800. तुम्ही मिनिमम ड्यू भरता साधारण 7,000. मुद्दल कमी झाली हजार-बाराशे! वर नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, तेव्हा मशीन कार्डावर घेतलं असतं तर पहिल्या दिवसापासून मीटर चालू. आणि वर्षाला 42 टक्क्यांनी पैसे उचलून ते कुठे लावले, तर जेमतेम पाच-सहा टक्के देणाऱ्या या गॅरंटीड प्लॅनमध्ये, म्हणजे विमा पॉलिसीत, दहा वर्षं दरवर्षी 60 हजार भरायच्या बोलीवर. तुमच्यावर अवलंबून कोणी नाही, आईवडिलांना पेन्शन आहे, मग हा विमा नक्की कोणासाठी? मॅनेजरसाहेबांच्या टार्गेटसाठी.

सुदैवाने वेळ आहे, थोडाच. पॉलिसीचं डॉक्युमेंट मिळाल्यापासून 30 दिवस फ्री-लुक, म्हणजे वाचून परत करायची मुदत, असते, त्यात पॉलिसी परत केली की स्टँप ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा रिस्क प्रीमियम कापून बाकी पैसे परत येतात. मॅनेजरला फोन करू नका, तो "मॅडम पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत महिना घालवेल. थेट विमा कंपनीला लेखी अर्ज, ईमेलवर, पोच घेऊन.

दुसरं, तुमची अडीच लाखांची एफडी. "ती सेव्हिंग आहे, हात लावत नाही" असं म्हणता. सात टक्क्यांची एफडी जपायची आणि बेचाळीस टक्क्यांचं कर्ज पोसायचं, ही बचत नाही हो ताई. मोडा, दंड फार तर हजार-दोन हजार जाईल, आणि 1 लाख 40 हजार एकदम भरून टाका, कार्ड शून्य. उरले लाखभर, त्यात पॉलिसीचे जे परत येतील ते मिळवा आणि अडीअडचणीला वेगळे ठेवा. लग्नाच्या खर्चात ते धरायचे नाहीत, आईने विचारलं तरी.

अलाइनरचा ईएमआय चालू राहू दे, तो नीट भरताय. पॉलिसीचा ईमेल "आला असेल, बघितला नाही" असं लिहिलंय तुम्ही. तो आत्ता शोधा, स्पॅममध्येही, आणि वरची तारीख बघून दिवस मोजा.