घरी करता येईल असा गरम आणि गोड चायनीज पदार्थ कोणता? साहित्य इथलंच हवं, ओव्हन नाही.

आल्याच्या रसाने जमवलेलं गोड दूध करून बघा. तुम्ही ओव्हन नाही म्हणताय, याला तर ओव्हनच काय, जिलेटिन, अंडं, चायना ग्रास यातलं काहीच लागत नाही. दूध, साखर आणि आलं, बास. चीनच्या दक्षिणेला ग्वांगझोजवळ शावान म्हणून गाव आहे तिथला हा पदार्थ. चिनी नावाचा अर्थ साधारण 'आल्याच्या रसावर आदळलेलं दूध' असा होतो. मी पहिल्यांदा खाल्लं ते हाँगकाँगला, यी शुन नावाच्या दुधाच्या पदार्थांच्या दुकानात, आणि पहिला चमचा तोंडात गेल्यावर वाटलं की अरे हा तर खरवस, फक्त जास्त मऊ आणि मागून घशात आल्याचा झटका.

आता गंमत बघा, चहात दूध उकळायच्या आधीच कच्चं आलं किसून टाकलं की दूध फाटतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये. आल्यात एक एन्झाइम असतं, झिंजिबेन, ते दुधातलं प्रोटीन तोडतं, चीज करताना रेनेट घालतात ना तसंच. आपण ज्याला 'दूध नासलं' म्हणून सिंकमधे ओततो तेच हे लोक वाटीत शांतपणे जमवतात.

एका वाटीला २०० मिली दूध, म्हशीचं फुल क्रीम असेल तर उत्तम, तिकडेही मूळ म्हशीचंच वापरतात. साखर दीड चमचा, पोह्याचा चमचा म्हणतेय मी. गूळ नको, फाटेल. आलं जून घ्या, जाड सालीचं आणि रेषा असलेलं, कोवळ्याने नीट जमत नाही. किसून कपड्यातून पिळा, एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली रस वाटीत घ्या. रस लगेच वापरायचा हां, मी एकदा आदल्या दिवशी काढून फ्रीजमधे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नुसतं आल्याचं दूध प्यावं लागलं. तळाशी पांढरा स्टार्च बसतो, दूध ओतायच्या आधी तो ढवळून घ्या.

खरी मेख तापमानात आहे. ओतताना दूध साधारण ६५ ते ७० डिग्री हवं, उकळतं ओतलं तर एन्झाइमच मरतं आणि कोमट ओतलं तर जमतच नाही (माझे पहिले दोन प्रयत्न असेच गेले, एकात एक आणि दुसऱ्यात दुसरं). थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर दूध साखर घालून तापवा, कडेने बारीक बुडबुडे यायला लागले की गॅस बंद करा, दोनेक मिनिटं थांबा आणि मग जरा उंचावरून एका दमात वाटीतल्या रसावर ओता. धार धरून हळूहळू नाही, ओतण्याच्या जोरानेच ते मिसळलं पाहिजे. आणि त्यानंतर वाटीला हात लावायचा नाही!! ढवळायचं नाही, हलवून बघायचं नाही, झाकण ठेवून दहा मिनिटं दुसरं काम करा. वर चमचा अलगद ठेवून बघतात, बुडला नाही तर झालं.

टेट्रापॅकच्या दुधाने माझं कधीच धड झालं नाही, पिशवीतलं किंवा सुट्टं घ्या.

गरम असतानाच खा, ठेवलं की पाणी सुटतं. पावसाळ्यात, सर्दी झालेली असताना तर फार बरं वाटतं. उरलेला आल्याचा चोथा फेकू नका, चहाला वापरा, पण आधी पाण्यात उकळून.