विंडोज ११ वर दोन मॉनिटर असताना विंडो आपोआप जागा का बदलतात?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे : संगणक विंडोज ११ वर चालतो आणि त्याला दोन मॉनिटर आहेत, डावा डिस्प्लेपोर्टने आणि उजवा एचडीएमआयने (मॉनिटर जोडण्याच्या केबलचे हे दोन प्रकार) जोडलेला. आपण जागेवरून उठून थोड्या वेळाने परत आलात की डाव्या पडद्यावर नीट लावून ठेवलेल्या सगळ्या विंडो उजव्या पडद्यावर जाऊन बसलेल्या असतात. शिवाय काम चालू असताना मधूनच एखादी विंडो कडेला चिकटते आणि अर्धा पडदा व्यापते. दुरुस्तीवाल्याने हा व्हायरस असल्याचे आणि फॉरमॅट मारावे लागेल असे सांगितले आहे, आणि ते करावे की नाही हे आपल्याला विचारायचे आहे.

फॉरमॅट करू नये, निदान आत्ता तरी नाही. आपण सांगितलेल्या तक्रारी दोन आहेत, त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत, आणि फॉरमॅट हा त्यांपैकी एकीवरही उपाय नाही. कारण विंडोज नव्याने टाकले तरी त्याच्या मूळ सेटिंग्ज त्याच राहणार आणि तीच केबल, तोच मॉनिटर, तोच माउस पुन्हा त्याला जोडला जाणार. मी एका कार्यालयातील संगणकांची देखभाल पाहतो. ही तक्रार घेऊन कोणी आले की मी सर्वांत आधी एवढेच विचारतो की, विंडो हलली त्याच्या लगेच आधी काय घडले होते. पडदा काळा होऊन पुन्हा उजळला होता, की हात माउसवर होता, की कोणी कशालाच हात लावला नव्हता? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले की निम्मी शोधाशोध वाचते.

आपली पहिली तक्रार उघडच पडदा काळा होण्याशी निगडित आहे. डिस्प्लेपोर्टच्या जोडणीत १८ क्रमांकाची पिन मॉनिटर जागेवर आहे की नाही हे कळवण्यासाठी राखलेली असते. एचडीएमआयमध्ये हेच काम १९ क्रमांकाची पिन करते. काही वेळ कोणी संगणकाला हात लावला नाही म्हणजे विंडोज पडदा बंद करते आणि मॉनिटर वीज वाचवण्यासाठी झोपी जातो. इथपर्यंत सगळे ठीक असते. मात्र डिस्प्लेपोर्टवरचे पुष्कळ मॉनिटर गाढ झोपेत गेल्यावर त्या पिनेवरचा संकेतही बंद करतात, आणि संगणकाच्या दृष्टीने कोणी केबल उपसून काढणे आणि हे यांत काहीही फरक नसतो. मॉनिटरच गेला असे समजून विंडोज त्याच्यावरच्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर हलवते. हे वागणे त्रासदायक असले तरी त्यामागे विचार आहे, कारण तसे केले नाही तर अस्तित्वात नसलेल्या पडद्यावर अडकलेल्या विंडोपर्यंत पोहोचणे सामान्य वापरकर्त्याला जमणार नाही. दोन्ही मॉनिटर एकाच वेळी असे नाहीसे झाले, तर विंडोज तात्पुरता एक लहान, काल्पनिक पडदा गृहीत धरते. परत आल्यावर सगळ्या विंडो आक्रसून डाव्या वरच्या कोपऱ्यात एकमेकींवर रचलेल्या दिसतात, त्याचे कारण हे आहे.

ही खोड जुनी आहे. विंडोज १० वापरणाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे सोसली. २०२१ साली मायक्रोसॉफ्टने तिची दखल घेऊन सुधारणा जाहीर केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय दिले. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात डिस्प्ले आणि त्याखाली मल्टिपल डिस्प्लेज असा विभाग आहे. तो मिटलेला असतो, म्हणून अनेकांच्या नजरेतून सुटतो. उजवीकडचा बाण दाबून तो उघडावा. त्यात 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' या पर्यायासमोर खूण असायला हवी. ती असली म्हणजे मॉनिटर परत आल्यावर विंडोज विंडो त्यांच्या आधीच्या जागी नेऊन ठेवते. त्याच्याच शेजारी मॉनिटरची जोडणी तुटल्यावर त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइज करण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर विंडो दुसऱ्या पडद्यावर उडी न मारता टास्कबारवर उतरतात, आणि माझ्या मते दोन्ही पर्याय चालू ठेवणेच सोयीचे आहे.

खूण आधीपासूनच असेल आणि तरीही विंडो हलत असतील, तर दोष मॉनिटरच्या वागण्यात शोधावा. त्यासाठी एक सोपी चाचणी करता येते. डाव्या मॉनिटरवर दोन-तीन विंडो उघड्या ठेवून त्याचे पॉवरचे बटण दाबा आणि नजर उजव्या पडद्यावर ठेवा. काही सेकंदांत विंडो तिकडे येऊन पडल्या किंवा टास्कबारवर उतरल्या, तर हा मॉनिटर बंद होताना आपली हजेरी मागे घेतो हे सिद्ध झाले. मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूमध्ये, म्हणजे त्याच्या कडेच्या किंवा मागच्या बटणांनी उघडणाऱ्या मेन्यूमध्ये, डीप स्लीप किंवा तत्सम नावाची सोय शोधून ती बंद करावी. कोणता इनपुट चालू आहे हे आपोआप शोधण्याची सोय असेल तर तीही बंद करून डिस्प्लेपोर्ट हाच इनपुट कायमचा निवडावा. असा पर्याय मॉनिटरमध्ये नसेल आणि त्याला एचडीएमआयचे भोक असेल, तर तोही एचडीएमआयने जोडून पाहावा. पुष्कळ मॉनिटर त्या मार्गाने जोडलेले असताना झोपेतही हजेरीचा संकेत चालू ठेवतात, त्यामुळे केवळ केबल बदलून प्रश्न सुटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

केबलविषयीच आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. डिस्प्लेपोर्टची २० क्रमांकाची पिन वीज पुरवण्यासाठी असते आणि दोन यंत्रांना जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ती तार नसावी असा नियम आहे. काही स्वस्त केबलांत मात्र ती जोडलेली असते, आणि मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरून मॉनिटर नीट जागा न होणे, संगणक चालूच न होणे असे चमत्कारिक प्रकार घडतात. केबल नावाजलेल्या बनावटीची नसेल तर ती बदलणे हा फॉरमॅटपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

पडदा कधी बंद व्हावा ही मुदत पॉवर विभागात वाढवता येते, परंतु इथे अनेकजण चकतात. आपण विंडोज आणि एल ही बटणे दाबून संगणक लॉक करून उठत असाल, तर त्या मुदतीला काही अर्थ राहत नाही. लॉक पडद्याची मुदत वेगळी असते आणि मुळात ती एका मिनिटाची ठेवलेली असते. म्हणूनच 'मी तर पडदा कधीच बंद होऊ नये असे ठेवले आहे, तरी विंडो हलतात' ही तक्रार ऐकू येते.

आपल्याकडची आणखी एक बाब परदेशी लेखांत सापडणार नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. संगणक आणि मुख्य मॉनिटर यूपीएसवर आणि नंतर घेतलेला दुसरा मॉनिटर भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये, अशी जोडणी मी अनेक ठिकाणी पाहतो, कारण यूपीएसला बॅटरीवर चालणारी सॉकेटे मोजकीच असतात. वीज क्षणभर गेली किंवा इन्व्हर्टरवर गेली की संगणकाला कळतही नाही, पण दुसरा मॉनिटर विझून पुन्हा पेटतो आणि तेवढ्यात विंडोंची पांगापांग होते. आपला डावा मॉनिटर कशावर चालतो ते पाहावे. मॉनिटरला वीज फार लागत नाही, त्यामुळे यूपीएसची क्षमता तपासून तो त्यावर घेणे बहुतेक वेळा शक्य असते.

आता दुसरी तक्रार, म्हणजे काम करताना विंडोने कडेला चिकटणे. हे स्नॅप या सोयीचे काम आहे. ती विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे, मात्र विंडोज ११ मध्ये ती फारच उत्साही झाली आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात मल्टिटास्किंग येथे स्नॅप विंडोज हा पर्याय आहे. तो सरसकट बंद करण्याची घाई करू नये, कारण दोन कागदपत्रे शेजारी ठेवून ताडून पाहताना ती सोय खरोखर उपयोगी पडते. त्याच्या शेजारचा बाण दाबला की पोटपर्याय दिसतात. त्यांतला, विंडो पडद्याच्या कडेपर्यंत पूर्ण न ओढताही ती चिकटू द्यावी अशा अर्थाचा पर्याय काढून टाकावा. विंडो नुसती थोडी बाजूला सरकवायची असताना ती अर्धा पडदा गिळते, याला बहुतेक वेळा तोच जबाबदार असतो. वरच्या कडेला मांडण्यांची पट्टी खाली उतरते तीही नकोशी वाटत असेल तर तिचा पर्याय तिथेच आहे.

दोन पडद्यांच्या स्केलिंगचे, म्हणजे अक्षरे आणि चिन्हे मोठी करून दाखवण्याचे, प्रमाण वेगळे असेल, समजा एकाचे १०० टक्के आणि दुसऱ्याचे १५० टक्के, तर विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेताना तिचा आकार मध्येच बदलतो. तो दोष नव्हे.

सेटिंग्ज ठीक असूनही विंडो चिकटत असेल तर माउस आणि कीबोर्डकडे वळावे. जुन्या माउसच्या डाव्या बटणाखालचा स्विच झिजला की बटण दाबून धरलेले असतानाही संपर्क क्षणभर तुटतो आणि पुन्हा जुळतो. एखादी विंडो टायटल बारला, म्हणजे तिच्या वरच्या पट्टीला, धरून पडद्यावर सावकाश गोल फिरवून पाहा. ती मध्येच हातातून सुटली, किंवा एकदम संपूर्ण पडदाभर पसरली, तर माउस बदलायची वेळ झाली आहे. विंडो पसरते याचे कारण तो तुटलेला संपर्क टायटल बारवरचा डबल क्लिक म्हणून मोजला जातो. याउलट, बटण सोडले तरी विंडो पॉइंटरला चिकटून राहत असेल, तर माउसच्या जुन्या प्रॉपर्टीज विंडोत क्लिकलॉक नावाची, बटण दाबून न धरता ओढू देणारी सोय कोणी चालू केली आहे का ते पाहावे.

कीबोर्डची परीक्षा आणखी सोपी आहे. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही बटणे एकत्र दाबली की पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि खऱ्या कीबोर्डवरचे जे बटण दाबले जाते ते त्यात उजळते. आपण कशालाही हात लावलेला नसताना विंडोजचे बटण किंवा एखादा बाण उजळलेला दिसला, तर रहस्य तिथेच उलगडले : विंडोज आणि बाण यांनी विंडो कडेला जाते, आणि सोबत शिफ्ट असेल तर थेट दुसऱ्या मॉनिटरवर. चहा सांडून पुसून घेतलेल्या कीबोर्डांत हे हमखास आढळते.

याशिवाय, विंडो लावून देणारी वेगळी सॉफ्टवेअर संगणकावर आहेत का ते तपासावे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधील फॅन्सीझोन्स, डेल डिस्प्ले मॅनेजर, एलजीचे ऑनस्क्रीन कंट्रोल ही सगळी विंडोंना पडद्याचे कप्पे पाडून देतात, आणि विंडोजचे स्नॅप त्यांच्या जोडीला चालू असले की एकीने ठेवलेली विंडो दुसरी हलवते. यांपैकी एकच यंत्रणा ठेवावी.

पडदा एक-दोन सेकंद काळा होऊन परत येत असेल आणि त्या वेळी आपण जागेवरच असाल, तर मात्र ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्यावा. विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टीम लॉगमध्ये डिस्प्ले या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद त्याच वेळेची सापडली, तर ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहिला असा तिचा अर्थ होतो. ड्रायव्हर ग्राफिक्स कार्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन नव्याने टाकावा. दोष नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या आवृत्तीवर परतणे अधिक बरे.

दुरुस्तीवाल्याने उच्चारलेल्या व्हायरसविषयी. विंडो केवळ जागा बदलत असतील तर ते व्हायरसचे लक्षण नाही. परंतु पॉइंटर हेतुपूर्वक फिरताना दिसला, फाइली किंवा ब्राउझर उघडले जाऊ लागले, आणि विशेषतः त्याआधी बँकेच्या किंवा कस्टमर केअरच्या नावाने आलेल्या फोनवरून आपण दुरून संगणक हाताळू देणारे एखादे अ‍ॅप टाकले असेल, तर इंटरनेटची केबल तत्काळ काढावी किंवा राउटर बंद करावा, ते अ‍ॅप काढून टाकावे, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि पैसे गेले असल्यास १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. आपल्या वर्णनात यातले काहीच नाही.

तूर्त एखादी विंडो पडद्याबाहेर जाऊन हरवली असेल, तर टास्कबारवर तिच्यावर क्लिक करून विंडोज आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबावा. त्याने जमले नाही तर अल्ट आणि स्पेस, मग एम दाबून बाणाचे कोणतेही बटण एकदा दाबावे आणि माउस हलवावा. विंडो पॉइंटरबरोबर येते.

आपण आधी मल्टिपल डिस्प्लेजमधली खूण पाहावी, मग पॉवर बटणाची चाचणी करावी. एवढ्याने पहिली तक्रार मिटली नाही, तर डाव्या मॉनिटरचे मॉडेल, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरची आवृत्ती, तसेच चाचणीत विंडो हलल्या की नाही, हे आपल्या प्रश्नातच जोडावे. त्या माहितीवरून पुढचे सांगता येईल.