बेंझीन नंतर, आधी टोल्युइन

बेंझीन, टोल्युइन यांसारखे तेलातले घटक गाळातले जिवाणू ऑक्सिजनशिवाय खातात का, हे बंद बाटलीत पाहायचंय ना? मग पहिल्याच प्रयोगाला बेंझीन घेऊ नकोस, महिनोन् महिने बाटलीत काही हलत नाही. टोल्युइन घे. थावेरा अरोमॅटिकासारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि टोल्युइनला फ्युमरेट (पेशीतलाच एक छोटा रेणू) जोडून बेंझिलसक्सिनेट नावाचं संयुग बनवतात. ते नमुन्यात सापडलं, तर काम खरंच सुरू आहे. नुसतं टोल्युइन घटलं म्हणून नाचू नकोस. रबरी बूचही ते शोषतं! म्हणून जिवाणू मारलेली एक बाटली शेजारी हवीच. रेसाझुरिन (ऑक्सिजन ओळखायला बाटलीत घालायचं रंगद्रव्य) गुलाबी झालं की ऑक्सिजन शिरला समज.

अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ साली तेलवाहिनी फुटली. तिथे तेलाजवळच्या मातीतलं, ऑक्सिजनऐवजी वापरता येण्याजोगं लोह जिवाणूंनी संपवत आणलं आणि मिथेन बनू लागला. तेव्हा तुझ्या गाळात नायट्रेट, लोह, सल्फेट किती आहे, ते आधी मोज.