दोन तासांत जुनं पुणं बघायचंय?

गाइड ठरवताना पैसे आधीच बोलून घ्या, तिकिटं त्यात धरलीत का तेही विचारा. निघा सकाळी लवकर. दिवस चढला की पेठांत पाय ठेवायला जागा नसते. शनिवारवाड्यात रमू नका. १८२८ च्या आगीनंतर आत मुख्यतः जोतीच उरलीत. दिल्ली दरवाज्यावरचे हत्तींना रोखणारे अणकुचीदार खिळे बघा आणि सटका. ('ध चा मा' ऐकवल्याशिवाय गाइड सोडणार नाही, तेवढं सोसा!) लाल महाल नव्यानं बांधलेला, बाहेरून पुरे. खरा वेळ द्या सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडानं बांधणारे गोरे शिपाई कोरलेत. ते न दाखवता जो थेट गाभाऱ्यात नेतो, त्याला पुन्हा बोलावू नका.