आधी पाय मोजा, मग गाणं लावा

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की पळताना लावायची गाणी निवडणं म्हणजे संगतीला तबलजी निवडणं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तबला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आणि पळण्यात अकरा, त्यामुळे या विषयावर मला बोलतं करणं म्हणजे उतारावरच्या माणसाला मागून ढकलणं आहे. पाच पत्रं घेतली आहेत. बाकीच्यांना त्यांची उत्तरं यांतच सापडतील.

प्रश्न: दोन महिन्यांपासून पळतोय. इंटरनेटवरून १६० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १६० ठोक्यांच्या, गाण्यांची तयार प्लेलिस्ट घेतली. ती लावली की दहा मिनिटांत धाप लागते. न लावता मात्र अर्धा तास आरामात पळतो. माझं काय चुकतंय?

तुमचं काहीच नाही. यादी करणाऱ्याने तुमचे पाय पाहिले नव्हते, इतकंच.

उद्या गाणी न लावता बाहेर पडा. अंग तापलं, श्वास जागेवर बसला, की घड्याळ लावून ३० सेकंदांत फक्त उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि ४ ने गुणा. ३८ आले, तर मिनिटाला १५२ पावलं. ही तुमची आजची लय. १६० चं गाणं तिच्यापुढे फक्त ८ पावलं आहे. ऐकायला किरकोळ, पण अर्ध्या तासात ती २४० जादा पावलं होतात. मुरलेला पळणारा अशा वेळी पाऊल आखूड करतो. नवशिक्याला ते सुचत नाही; त्याचं पाऊल तेवढंच लांब पडत राहतं आणि वेग वाढतो. मग धाप लागणारच. पाय हा गायक आणि गाणं हा संगतकार. संगतकार गायकाला ओढायला लागला, तर पुढच्या बैठकीला आम्ही त्याला बोलवत नाही.

'मिनिटाला १८० पावलं पाहिजेतच' असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल किंवा सांगेल. त्याचं मूळ असं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळेच मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. ते जगातले निवडक धावपटू होते, आणि शर्यतीच्या वेगात होते. तिथून सुटलेला तो आकडा थेट नवशिक्यांच्या कानात येऊन बसला आहे.

शिवाय १५२ पावलांना १५२ चंच गाणं लागतं असं नाही. ७६ च्या गाण्यात एका ठोक्यात दोन पावलं छान बसतात. आम्ही याला दुगुन म्हणतो. गंमत म्हणजे याद्यांमधले आकडे बहुधा यंत्राने मोजलेले असतात, आणि ठाय, म्हणजे मूळ संथ लय, कुठली नि दुगुन कुठली यात यंत्र हमखास फसतं. ८० चं रेंगाळणारं गाणं १६० चं म्हणून यादीत बसलेलं मी कितीदा पाहिलंय. तेव्हा आकडा बाजूला ठेवा, टेबलावर बोटाने ठोका धरा, १५ सेकंद मोजा, ४ ने गुणा. गाणं मधल्या संगीतात ठोका सोडत नाही ना, तेही तेव्हाच ऐकून घ्या. कडव्यांच्या मध्ये व्हायोलिनं लांबत गेली आणि ताल गायब झाला, की पाय अधांतरी राहतात.

आणि पहिली दहा मिनिटं तुमच्या लयीच्या किंचित मागचं गाणं ठेवा. १४८ चालेल. सुरुवातीला सगळ्यांनाच आपण घोडे आहोत असं वाटत असतं.

प्रश्न: आमच्या घरी वाद आहे. मी गाणी लावून पळते. नवरा म्हणतो, 'गाण्यांनी काही होत नाही, सगळा मनाचा खेळ.' कोण बरोबर?

दोघंही. तुम्ही थोड्या जास्त.

हा वाद जुना आहे. १९११ साली लिओनार्ड एअर्स यांनी सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीची निरीक्षणं छापली. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी साधारण साडेएकतीस किलोमीटर होता, बँड थांबल्यावर एकोणतीसच्याही खाली. (बँड वाजताना गर्दीही जास्त असणार, असं माझं संशयी मन म्हणतं.) पुढे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या कोस्टास कारागेऑर्गिस यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या कामातून दिसतं ते असं: सौम्य आणि मध्यम व्यायामात संगीतामुळे श्रम कमी झाल्यासारखे वाटतात, साधारण दहा टक्क्यांनी. व्यायाम फार जोराचा झाला की हा परिणाम ओसरतो, कारण छाती आणि मांड्या इतक्या ओरडतात की गाण्याकडे लक्ष द्यायला जागाच उरत नाही. आणि गाणं १४० च्या पुढे कितीही जलद केलं तरी त्यातून फारसं जास्त काही मिळत नाही.

माझी घरगुती कसोटी अशी: पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येतंय, तोवर गाणं कामाचं. एकेक शब्द तुटून यायला लागला, की ते नुसता आवाज असतं.

पण पावलं गाण्यावर बसली, तर गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने बंदिस्त मैदानातल्या २००० मीटरचा विश्वविक्रम मोडला, तेव्हा लाउडस्पीकरवर 'स्कॅटमन' हे गाणं लावलेलं होतं. ते त्याने मागून घेतलं होतं, पायांना लय मिळावी म्हणून. नवऱ्याला एवढं सांगा आणि विषय संपवा. अर्थात गेब्रसेलासी गाण्याशिवायही आपल्या सगळ्यांच्या पुढेच राहिला असता, हे सांगायची गरज नाही.

प्रश्न: ताई, मी शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस. नाचाची गाणी सोसवत नाहीत. पळताना राग-ताल ऐकता येतील का?

या पत्राची मी वाटच पाहत होते.

विलंबित, म्हणजे अगदी संथ लय, विसरा. दोन मात्रांमध्ये, म्हणजे तालाच्या दोन ठोक्यांमध्ये, पाच-सहा पावलं होतात आणि समेची, म्हणजे तालाच्या फेऱ्यातल्या पहिल्या मात्रेची, वाट बघता बघता माणूस रस्त्याकडे बघायचं विसरतो. आलाप पळून झाल्यावर, पाठीवर पडून. मध्य लयीपासून पुढे सोय होते. मिनिटाला १५०-१६० मात्रांचा ठेका असेल तर एका मात्रेला एक पाऊल. द्रुत तीनताल ३२० च्या आसपास गेला, की दर दुसऱ्या मात्रेला एक.

पण एक लक्षात घ्या, तीनतालाच्या मात्रा १६. दोनाने भाग जाणारी संख्या. म्हणजे पहिली सम डाव्या पायावर पडली, की पुढची प्रत्येक सम डाव्याच पायावर. समेवर आपण नकळत पाऊल जोरात टाकतो. मी तासाभराच्या पळण्यात हे केलं आणि दुसऱ्या दिवशी फक्त डावी पोटरी धरली होती. ठेका मनात वाजवून बघितला तेव्हा कुठे उलगडा झाला. रूपक तालाच्या मात्रा ७, त्यामुळे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, डाव्यावर सुरू झालं तर पुढचं उजव्यावर. पाय आपोआप बदलतो. दादऱ्यात मात्रा ६ असल्या तरी वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर येतं, एक डावी, एक उजवी. लांब, निवांत पळण्याला मी दादरा लावते. दर तिसऱ्या पावलाला वजन पाय बदलून येतं आणि चालीत एक हलका झोका राहतो. केरव्याच्या आठ मात्रांना तीनतालाचंच दुखणं आहे, पण छोट्या पळण्यात बिघडत नाही.

आणि 'झाला' नावाच्या, वादनाच्या शेवटी येणाऱ्या जलद भागापासून सांभाळा. सतारीचा झाला घरी बसून ऐकताना कळत नाही, इतकी त्याची लय हळूहळू चढत जाते. पाय मात्र इमानेइतबारे मागे जातात. मी एकदा असा झाला लावून निघाले, अठरा मिनिटं हवेत होते. एकोणिसाव्या मिनिटाला पदपथाच्या कडेला बसून होते. कानात तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा, चालू, आणि समोरून जाणाऱ्या आजोबांनी विचारलं, 'बाई, कोणाला बोलवू का?'

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची आहे. पहाटे अंधारात दोन्ही कानांत एअरबड घालून, आवाज मोठा करून पळते. मी सांगितलं तर ऐकत नाही. तुम्ही सांगाल का?

सांगते, आणि हे तिलाच वाचायला द्या.

अगं, मीही ऐकायची नाही. एका सकाळी मागून सायकल आली. तो मुलगा घंटी वाजवत होता, ओरडत होता, असं नंतर त्यानेच सांगितलं. मी वळणावर त्याच्यासमोर गेले आणि दोघंही आडवे झालो. त्याचं कोपर सोललं, माझा गुडघा. चूक पूर्ण माझी होती, आणि मला राग मात्र त्याचाच आला होता. तेव्हापासून उघड्या रस्त्यावर एकच एअरबड, रहदारीच्या बाजूचा कान मोकळा. बाहेरचा आवाज गाळणारी नॉइज कॅन्सलिंगची सोय बंद. कानाबाहेर हाडावर टेकणारे बोन कंडक्शन हेडफोन मिळतात, तेही बरे, कारण कान उघडा राहतो. लक्ष मात्र त्यांतही गाण्यातच जातं. अंधारात मी काहीच लावत नाही. आपली पावलं आणि दुसऱ्याची पावलं वेगळी ऐकू यायला हवीत.

आवाजाचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने सोपा करून दिलाय. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४ तास. म्हणजे मोठ्या आवाजात रोज पाऊण तास पळलीस, तर आठवड्याचा वाटा रविवारच्या आधीच संपतो. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेव. रहदारीमुळे गाणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावासा वाटला, तर रस्ता बदल. मला कानावरच पोट भरायचं असतं, म्हणून जरा जास्त बोलले.

प्रश्न: पुढच्या महिन्यात पहिली हाफ मॅरेथॉन. शर्यतीत गाणी चालतात का? चालत असतील तर क्रम कसा लावू?

वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या नियमांनुसार स्पर्धक धावपटूला शर्यतीत गाणी वाजवणारी साधनं वापरता येत नाहीत. ती बाहेरची मदत मानली जाते. आपल्यासारख्या हौशींच्या शर्यतीत आयोजक काय ते ठरवतात, तेव्हा तुमच्या शर्यतीचं नियमपत्रक वाचा.

परवानगी असेल तर पहिले ३ किलोमीटर काही लावू नका. गर्दीत इतरांच्या कोपरांकडे लक्ष ठेवायचं असतं, आणि तिथली हवा अशीच पुरेशी चढलेली असते. मधल्या टप्प्यात सरावात वापरलेली, साधी, न संपणारी गाणी. तुमची सगळ्यात लाडकी चार-पाच १६ व्या किलोमीटरनंतर, आणि ती या महिन्यात सरावाला मुळीच ऐकू नका. रोज वापरलं की गाणं झिजतं. शफल बंद करा. नवीन गाणं त्या दिवशी नको, जसे नवे बूट नकोत.

माझ्या पहिल्या हाफला मी हे सगळं केलं होतं. शेवटच्या पाच किलोमीटरची गाणी जपून ठेवली होती. १६ वा किलोमीटर ओलांडला आणि एअरबडने 'बॅटरी लो' म्हणून जीव सोडला. गाणी खिशात, पाय रस्त्यावर. मग तोंडाने ठेका धरला: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा पावलांत एक आवर्तन. मी मिनिटाला १६० पावलं टाकते आणि किलोमीटरला सात मिनिटं घेते, म्हणजे एक किलोमीटर म्हणजे ७० आवर्तनं. बोटांवर मोजत गेले. तेव्हा समेवरच्या डाव्या पायाची आठवण झाली, तसा प्रत्येक किलोमीटरला पाय बदलला. दोनदा मोजणी चुकली, एकदा बासष्टवर आणि एकदा चौतीसवर, दोन्ही वेळा पुन्हा एकपासून सुरू केलं. त्यामुळे माझ्या हिशेबाने अजून दीड किलोमीटर बाकी होता, तेव्हा समोर शेवटची कमान दिसली.